उतारशाळा आणि परतीचा शब्द

शास्त्रपाठ : लूक १० : २५–३७



दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या शब्बाथशाळेंतील लहान लेंकरांसही ठाऊक आहे. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी मात्र थांबला. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधिल्या. येथवरची गोष्ट आपण मोठ्या गोडीनें सांगतों आणि बहुधा येथेंच थांबतों. परंतु प्रभु येथें थांबला नाहीं. शोमरोन्यानें त्या मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, दुसरे दिवशीं दोन दीनार तेथील रक्षकाच्या हातीं दिले, आणि अधिक खर्च लागल्यास परत येतांना फेडीन असा शब्द दिला. पहिल्या दिवसाची दया पुष्कळांस साधते. दुसऱ्या दिवसाची दया थोड्यांसच साधते. तिजविषयीं आज आपण विचार करूं.

मुंबईंत पदपथांवर निजणाऱ्या क्षयरोग्यांमुळें हा विचार आमच्या मनांत आला. २०११ सालच्या खानेसुमारींत त्या शहरांत सुमारें ५७ हजार माणसें बेघर म्हणून मोजलीं गेलीं. पुलाखालीं, स्टेशनाच्या भिंतीलगत, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर तीं रात्र काढितात. त्यांत आपल्यासारखींच गांवें सोडून पोटामागें गेलेले मजूर आहेत.

क्षय हा देवाचा शाप नव्हे, कोणाची करणीही नव्हे. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉक या डॉक्टरांनीं या रोगाचा जंतु जगापुढें मांडिला. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य खोकला म्हणजे जंतु हवेंत उडतात, व कोंदट जागीं जवळ राहणाऱ्यांच्या श्वासांत शिरतात. ताटवाटीनें किंवा हात धरिल्यानें हा रोग लागत नाहीं. पुष्कळांच्या शरीरांत जंतु निपचित पडून असतो. उपासमार, दारू, मधुमेह यांनीं शरीर खचलें म्हणजे तो उठतो. मग पदपथावर अर्धपोटीं निजणाऱ्यास तो गांठील यांत नवल काय?

आपल्या वडिलांच्या काळीं या रोगावर औषध नव्हतें. मिरजेस १८९४ सालीं रुग्णालय उघडणारे डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या नांवाच्या वाडींत क्षयरोग्यांसाठीं आरोग्यभवन झालें. खाट, मोकळी हवा, दूध व प्रेमळ शुश्रूषा, एवढेंच त्या काळीं देतां येत असे. म्हणजे उतारशाळा होती, पण तेल नव्हतें. आज तेल आहे. साधा क्षय सहा महिने नेमानें गोळ्या घेतल्यानें बरा होतो. थुंकीची तपासणी व औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. १९५६ सालीं मद्रासेस एक प्रयोग सुरू झाला. कांहीं रोगी आरोग्यभवनांत व कांहीं आपापल्या गरीब घरींच ठेवून त्यांस तेंच औषध दिलें. घरीं राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, असें १९५९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि पुढें घरीं ठेवून बरें करण्याची रीत सर्वत्र पडली. ज्याला घरच नाहीं, त्यानें काय करावें?

त्याला गोळ्या ठेवावयास कोनाडा नाहीं. त्या पावसांत भिजतात, किंवा बोचकें उचलून नेलें जातें त्यांत जातात. दवाखान्याच्या रांगेंत उभें राहावें तर त्या दिवसाची मजुरी बुडते. रिकाम्या पोटीं गोळी घेतल्यास मळमळतें. दोन महिन्यांनीं खोकला थांबतो, अंगांत थोडें बळ येतें, व तो कामामागें दुसरीकडे जातो. औषध अर्ध्यावर सुटलें म्हणजे उरलेले जंतु त्या औषधास दाद देईनासे होऊं शकतात. मग रोग बळावतो व तशाच रूपांत दुसऱ्यास लागतो. सरकार रोग्यास आहारासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देऊं लागलें, व नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देतें. परंतु ते बँकेच्या खात्यांत पडतात, आणि ज्याला पत्ता नाहीं त्याला खातें उघडणें कठीण जातें.

आतां आम्हांस आपला दोष कबूल केला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक तरुण मुंबईहून खोकत परत आला. तेथें तो स्टेशनाबाहेर निजत असे, व तीन महिने घेतलेल्या गोळ्या त्यानें सोडिल्या होत्या. उपासनेस तो दाराशीं बसे; त्याच्या शेजारीं कोणी बसेना. घरीं भावजयीनें त्याचें ताट वेगळें केलें. आम्हीं त्याच्यासाठीं प्रार्थना केली, वर्गणी जमवून भाडें दिलें, शहरांत मोठे दवाखाने आहेत तेथें जा असें सांगितलें, आणि आपण दया केली अशा समाधानानें घरीं आलों. पुन्हां त्याची चौकशी केली नाहीं. पावसाळा सरल्यावर त्याच्या मरणाची बातमी आली. तेंच औषध आमच्या तालुक्याच्या दवाखान्यांत मिळत होतें. त्याला पाहिजे होती एक ओसरी, आणि आज गोळी घेतलीस काय, असें रोज विचारणारा एक भाऊ. तीं दोन्ही आमच्या गांवांत होतीं. आम्हीं मात्र त्याला उतारशाळेंतून उठवून पुन्हां यरीहोच्या वाटेवर सोडिलें.

बंधूंनो, आपण असें करूं नये. ज्याला दोन आठवडे खोकला आहे, संध्याकाळीं ताप चढतो, अंग वाळत चाललें आहे, त्याला उपदेशकानें स्वतः बरोबर जाऊन थुंकीच्या तपासणीस न्यावें. शहरांतून रोगी परत आला तर त्याला माघारीं धाडूं नये; त्याचें चालू औषध आपल्या जवळच्या आरोग्यकेंद्रांतून पुढें चालवितां येतें. त्याला हवेशीर ओसरींत जागा द्यावी, खोकतांना तोंडावर फडकें धरावयास सांगावें. योग्य औषध लागू पडलें म्हणजे कांहीं आठवड्यांत रोग पसरण्याचें भय पुष्कळ कमी होतें. मंडळीनें एक मनुष्य नेमून सहाही महिने त्याच्या गोळीची आठवण ठेवावी, व घरोघरचें मूठभर धान्य त्याच्या घरीं पोंचवावें. ज्यांचीं मुलें शहरांत आहेत त्यांनीं, तूं कोठें निजतोस व काय जेवतोस, हें विचारावें. पैसे केव्हां पाठवितोस, एवढेंच विचारूं नये. आणि पाळकांनीं त्या मुलांचीं नांवें शहरांतील मंडळ्यांस कळवावीं.

प्रभूनेंही आपणांस परत येण्याचा शब्द दिला आहे, व त्या शब्दाच्या आधारें आपण जगतों. तो येईल तेव्हां, आपल्या हातीं सोंपविलेल्या रोग्याचें काय झालें, असें विचारील. त्या दिवशीं आपणांस खालीं पाहावें लागूं नये, म्हणून त्याची कृपा आपणां सर्वांस सहाय होवो. आमेन.