संगणकाचा परवाना आणि दुसरे शील



पंचशीलातील दुसरे शील चोरी न करण्याचे आहे, असे आपण मुलांना सांगतो. सांगतो ते खरे, पण अपुरे. मूळ पाली शब्द आहे अदिन्नादान. अदिन्न म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. तेव्हा या शीलात केवळ ‘वस्तू कोणाची?’ एवढाच प्रश्न नाही. ‘ही मला दिली आहे काय, आणि दिली असेल तर किती व कशासाठी?’ असाही प्रश्न आहे. ज्या वस्तूजवळ बसून शीलाचा विचार करावा असे आपल्या मनातही येत नाही, अशा एका वस्तूपाशी आज हा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. ती वस्तू म्हणजे घरातील संगणक. त्याची कार्यप्रणाली बदलताना जो परवाना लागतो, त्याविषयी मी आज लिहीत आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला कोणी सांगावी लागत नाही. पण हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून शकुन काढू नका, शकुन काढण्याची सवय आपण १९५६ साली नागपूरलाच सोडली. आधार थांबला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. सुरक्षिततेच्या ज्या दुरुस्त्या कंपनीकडून आपोआप येत, त्या यायच्या थांबल्या. घरगुती वापर करणाऱ्यांनी नाव नोंदवल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत कंपनीने ठेवली. ही सवलत संपली की जुना संगणक तसाच चालवणे म्हणजे कडी नसलेल्या दारात झोपणे.

आता असे समजा की तुम्ही तलासरी तालुक्यात अच्छाडला राहता. मुंबई-अहमदाबाद महामार्ग दारावरून जातो, पलीकडे गुजरात. तुमच्या मुलाने महामार्गालगत लहानसे दुकान टाकले आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याचे अर्ज, भरतीचे अर्ज तो लोकांना भरून देतो. संगणक जुना, त्यावर विंडोज १०. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘थोडे पैसे द्या, अकरा टाकून देतो, परवान्याची काळजी करू नका.’ मुलगा तुम्हाला विचारतो. तुम्ही काय सांगाल?

परवाना ही गोष्ट अच्छाडच्या माणसाला शिकवावी लागत नाही. येथल्या सीमा नाक्यावर वर्षानुवर्षे ट्रकांच्या रांगा लागत आल्या. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराची तपासणी उठली, पण कागद कशाला म्हणतात हे त्या रांगांनी सर्वांना शिकवले. ट्रकचे नोंदणीपत्र आणि परमिट ट्रकचे असते. चालकाचा परवाना चालकाचा असतो. ट्रक विकला तर चालकाचा परवाना त्याच्याबरोबर जात नाही, आणि चालक दुसऱ्या ट्रकवर गेला तर पहिल्या ट्रकचे परमिट खिशात घालून नेता येत नाही. कार्यप्रणालीचे परवानेही असेच दोन जातींचे आहेत. (हा शब्द आपल्याला जिव्हारी लागतो, येथे तो प्रकार या अर्थी घ्यावा.) संगणक विकत घेताना कारखान्यातूनच जी विंडोज येते, तिचा परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो. यंत्राचा मुख्य फलक, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, तो स्वतःहून बदलला की परवानाही सहसा संपतो. दुकानातून वेगळी किंमत देऊन घेतलेला परवाना मात्र माणसाबरोबर चालतो. पहिल्या यंत्रावरून काढून टाकला की दुसऱ्यावर लावता येतो. एका वेळी एकाच यंत्रावर.

विंडोज १० परवान्याची असेल आणि यंत्र पात्र असेल, तर विंडोज ११ साठी निराळा पैसा लागत नाही. होमची होम होते, प्रोची प्रो होते. पात्रतेची अट मात्र कडक आहे. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, प्रोसेसर बऱ्यापैकी नवा लागतो, आणि म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वीची कितीतरी चांगली चालणारी यंत्रे बाहेर पडली. मला हे योग्य वाटत नाही. धडधाकट यंत्र केवळ अटीपायी भंगारात जावे, ही उधळपट्टी आहे, आणि तिचा भार श्रीमंतांपेक्षा आपल्यासारख्यांवर अधिक पडतो.

आणि विंडोज १० च परवान्याविना असेल तर? पुष्कळांचा समज असा आहे की नवी आवृत्ती चढवली की मागचे सारे धुऊन निघते. २०१५ च्या मार्चमध्ये कंपनीने बोलूनही तसेच दाखवले होते, पण मे महिन्यात खुलासा केला की बिनपरवान्याची प्रत नवी झाली तरी बिनपरवान्याचीच राहील. बंधूंनो, गंगेत बुडी मारल्याने पाप जाते ही समजूत आपण टाकून दिली. ती संगणकाच्या पडद्यातून परत घरात घेऊ नये.

यापुढे खरा प्रश्न सुरू होतो. मुलगा म्हणेल, ‘बाबा, मी कोणाची वस्तू उचलली? कंपनीची विंडोज कंपनीकडेच आहे. मी फक्त नक्कल केली.’ हा युक्तिवाद पोरकट नाही. विनयपिटकात भिक्षूंसाठी चोरीचा जो नियम आहे, त्यात वस्तू तिच्या जागेवरून हलली की अपराध पुरा होतो. नक्कल केल्याने काहीच हलत नाही. मग त्या जुन्या व्याख्येत हे बसते कोठे?

त्यासाठी हा नियम ज्या प्रसंगावरून झाला तो पाहावा. राजगृहात धनिय नावाचा भिक्षू होता, कुंभाराचा मुलगा. त्याला कुटी बांधायची होती. नगराच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेले राजाचे लाकूड त्याने कोठारावरच्या माणसाकडून मागून नेले. सांगितले की, हे राजाने मला दिलेले आहे. बिंबिसार राजाने त्याला विचारले, मी कधी दिले? धनिय म्हणाला, राज्याभिषेकाच्या वेळी आपणच जाहीर केले होते की श्रमणांना गवत, लाकूड आणि पाणी दिले आहे. राजा म्हणाला, बोललो खरे, पण ते रानातल्या, कोणाच्याही ताब्यात नसलेल्या लाकडाविषयी होते. भिक्षू म्हणून धनिय शिक्षेतून सुटला, पण लोक संतापले आणि भगवंतांनी नियम केला. तो करताना त्यांनी पूर्वी न्यायखात्यात अधिकारी असलेल्या एका भिक्षूला विचारून घेतले की, राजा किती किमतीच्या चोरीला दंड करतो. देशाच्या कायद्याकडे त्यांनी पाठ फिरवली नाही.

धनियाने कुलूप फोडले नव्हते. देणगी खरीच होती. त्याने तिची हद्द आपल्या सोयीने वाढवली, एवढेच. आज इंटरनेटवर अगदी स्वस्तात ज्या चाव्या विकल्या जातात, त्यांतील कित्येक एखाद्या कंपनीला किंवा विद्यापीठाला त्यांच्या स्वतःच्या यंत्रांसाठी दिलेल्या असतात. विकणारा पावतीही देतो. ते धनियाचे लाकूड आहे.

नकलेचा मुद्दा तरीही उरतो. त्याचे उत्तर मला त्याच नियमाच्या विवरणात सापडते, आणि अच्छाडच्या वाचकाला ते लगेच पटेल. तेथे जकात नाक्याचा उल्लेख आहे. कर लागणारा माल लपवून जो भिक्षू नाका ओलांडतो, त्यालाही याच नियमाखाली दोषी धरले आहे. यात काय हलले? माल त्याचा स्वतःचा. राजाच्या कोठारातील काडीही जागची सरकली नाही. जे देणे होते ते त्याने दिले नाही, एवढेच घडले. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेला हे ठाऊक होते की न उचलताही घेता येते. बिनपरवान्याची विंडोज ही घरफोडी नव्हे. ती नाका चुकवणे आहे. तिला दरोडा म्हणू नये, पण ती काहीच नाही असेही म्हणू नये.

कायदा काय म्हणतो तेही ठाऊक असावे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली संगणकाच्या आज्ञावलीला ग्रंथासारखे संरक्षण मिळाले. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ख आले. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. मुलाचे दुकान धंद्यात मोडते. हाच कायदा कंपनीला ६० वर्षांचा हक्क देतो, आणि कंपनी स्वतः दहा वर्षांत वस्तू म्हातारी ठरवते. हे माप मला न्याय्य वाटत नाही. बाबासाहेबांच्या हयातीत निघालेल्या ग्रंथांवरील हक्क १ जानेवारी २०१७ रोजी सर्वांसाठी मोकळा झाला. ते ग्रंथ आजही आपल्याला वाट दाखवतात. ६० वर्षांनी विंडोज १० मोकळी होईल तेव्हा ती चालवायला यंत्र कोठून आणणार?

‘एवढ्या श्रीमंत कंपनीला आमच्या चार पैशांनी काय होणार?’ असेही विचाराल. कंपनीला काही होणार नाही, हे मान्य. परंतु परवाना तोडणारी जी साधने असतात, ती चालवण्यासाठी आधी संगणकाचा पहारेकरी झोपवावा लागतो. विषाणूरोधक बंद करा, अशीच सूचना त्यांच्यासोबत येते. त्या दारातून काय आत येते हे दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक नसते. आणि दुकानातील त्या यंत्रावर माहिती कोणाची आहे? कंपनीची नव्हे. वारली, कोकणा, धोडिया शेजाऱ्यांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते, पोरांचे दाखले तेथे आहेत. त्यांनी ते तुमच्या मुलावर विश्वासून दिले, फक्त अर्ज भरण्यापुरते. तेही ‘दिलेले’च आहे, आणि त्यालाही हद्द आहे.

याच तालुक्यात झरी गावी १९४५ साली वारली शेतकरी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकरांनी तो लढा लिहून ठेवला आहे. न वाचता कागदावर उठवलेला अंगठा माणसाला कोठे नेतो हे या मातीने पाहिले आहे. म्हणून पडद्यावर लांबलचक करारनामा येतो आणि खाली ‘मान्य’ असे बटण असते, तेव्हा ते दाबताना मला तो अंगठा आठवतो. मात्र एक फरक आहे. वारल्यांना जमीनदाराच्या दारातून निघायला वाट ठेवलेली नव्हती. येथे वाट आहे.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. त्यांच्या परवान्याचा आशय असा की वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र बदलून पुढे देताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने याच लिनक्सवर बॉस नावाची कार्यप्रणाली केली असून तीत मराठी चालते. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवरच मुले शिकवली. जी यंत्रे विंडोज ११ ने नाकारली, त्यांतील बरीचशी लिनक्सवर सुखाने चालतात. अडचणी नाहीत असे मी सांगणार नाही. एखादा जुना स्कॅनर बोलत नाही, अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीची किल्ली कधी हट्ट धरते, जुन्या मराठी फाँटमधील मजकूर विस्कटतो. म्हणून मुलाला सांगा की आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. दुकानाची उपकरणे चालली तर कायमची बसव. न चालली तर परवान्याचा खर्च दुकानाच्या भांडवलात धर, जसा खुर्चीचा आणि छपाईयंत्राचा धरलास.

नवा संगणक आणल्यावर जुना विहारातील अभ्यासिकेला द्यावा, असे काही कुटुंबांच्या मनात असते. तो देताना कारखान्यातून आलेली विंडोज यंत्राबरोबर जाऊ द्या, तिचा परवाना त्या यंत्राचाच आहे. वेगळा विकत घेतलेला परवाना स्वतःच्या नव्या यंत्रावर न्यायचा असेल तर जुन्यावरून काढून टाका आणि तेथे लिनक्स बसवून द्या. आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रे पुसल्याशिवाय यंत्र दुकानाबाहेर काढू नका.