रडलो खरे, पण कोणाच्या बाजूने?

‘नटसम्राट’ पाहून डोळे कोरडे राहिले असं सांगणारं माझ्या ओळखीत कुणीच नाही. वि. वा. शिरवाडकरांचं नाटक १९७० साली आलं, तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. १ जानेवारी २०१६ ला महेश मांजरेकरांचा सिनेमा आला आणि माझ्या पिढीसाठी गणपतराव म्हणजे नाना पाटेकर झाले.

सिनेमाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘नाना काय काम करतो यार!’ आणि दुसरं, ‘असली मुलं देवाने वैऱ्यालाही देऊ नयेत.’ दुसरं वाक्य मला विचारात पाडतं. ते म्हणणारे बहुतेक जण पंचविशी-तिशीतले, म्हणजे स्वतःच कोणाची तरी मुलं-सुना असतात. मग अंधारात आपण सगळे बापाच्या बाजूला कसे जाऊन बसतो?

रूसोने १७५८ साली नाटकांविरुद्ध एक लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा एक आक्षेप असा, की खोट्या दुःखावर रडून आपण चांगले असल्याचं समाधान मिळतं आणि पदरचं काहीच जात नाही. मला हे अर्धंच पटतं. रडणं फुकट असतं, पण वाया जातंच असं नाही. कोणाच्या जागी बसून रडलो, यावर ते ठरतं.

गणपतराव सोपा माणूस नाही. फटकळ आहे, पितो, मुलांच्या घरातही स्वतःच्याच तालात जगतो. मुलीकडे पैसे हरवतात तेव्हा संशय त्याच्यावर जातो. मृण्मयी देशपांडेने केलेली ही विद्या दुष्ट नाही, तिचं बापावर प्रेम आहे. मला सगळ्यात भीती याचीच वाटते. प्रेम शिल्लक असतानाही विश्वास संपू शकतो.

पडद्यावरच्या बापाचं मन त्याच्या स्वगतातून आपल्याला कळतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्वगत नसतं. तिथे फक्त मोठ्या आवाजातला टीव्ही असतो आणि विसाव्यांदा ऐकलेला तोच किस्सा.

सिनेमा पाहून घरी फोन केलात तर छानच. पण पुढच्या वेळी रडताना थोडा वेळ विद्याच्या जागी बसून पाहा. ‘मी असं कधीच वागणार नाही’ हे तीही आदल्या दिवशी छातीठोकपणे म्हणाली असती.