नाडीचा वळ

त्वचेचा कर्करोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊन येतं. समुद्रकिनारा, गोरी पाठ, सनस्क्रीनची जाहिरात. जगाच्या आकडेवारीत हे चित्र बरोबरही आहे. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगातला सर्वांत घातक प्रकार, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सर्वाधिक आढळतो. ऊनच मोजायचं तर आम्ही भुसावळकडची माणसं कुणाला हार जाणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी दीपनगरच्या वसाहतीत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तरी हा रोग आमच्याकडे विरळाच. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरणांना बऱ्यापैकी अडवतं. तेव्हा ‘आपल्याला याचा धोका कमी’ हे वाक्य खरं आहे. मला भांडायचंय ते या खऱ्या वाक्याशीच.

२०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. एक सत्तरीची, दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. पहिलीच्या उजव्या कुशीवर अठरा महिने न भरणारी जखम होती, दुसरीच्या कमरेवर दोन वर्षं. दुसरी चाळीस वर्षं रोज लुगडं नेसत आलेली, कमरेला घट्ट आवळून. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासल्यावर कर्करोग निघाला आणि दुसरीचा तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. उन्हाचा इथे काही संबंध नाही. कमरेवर ऊन पडतंच कुठे? कारण होतं घासणं. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दाब आणि घर्षण, त्यात घाम आणि धूळ. कातडी पातळ होते, फाटते, भरते, पुन्हा फाटते. या सततच्या दुरुस्तीत पेशी कधीतरी ताळतंत्र सोडतात. जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेवर होणारा कर्करोग याच जातीचा.

हे नवं ज्ञान नाही, आणि याचा मला जास्त त्रास होतो. टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून, आपल्याकडच्या चालीरीतींतून होणारे तीन कर्करोग नोंदवले होते. त्यातला एक ‘धोतराचा कर्करोग’. पुढे ‘साडी कॅन्सर’ हे नाव आलं. आता ‘पेटीकोट कॅन्सर’. यावेळच्या डॉक्टरांनी निदान एवढं स्पष्ट केलं की दोष साडीचा नाही, कमरेला आवळलेल्या नाडीचा आहे.

नावात काय आहे, असं म्हणून इथून पुढे जाता येत नाही. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या कातडीवर होणारा कर्करोग वर्णन केला. काजळीमुळे होणारा. तो ओळखला गेला धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग म्हणून, म्हणजे कामाच्या नावाने. कामाला मालक असतो, त्यामुळे कायदा कुणावर करायचा हा प्रश्न तरी उभा राहिला. (धुराड्यात पोरं चढवणं खरोखर थांबायला १८७५ उजाडलं, ही गोष्ट वेगळी. शंभर वर्षं.) आपल्याकडच्या रोगाला मात्र नाव मिळालं कपड्याचं. कपड्याला मालक नसतो, नेसणारी असते. साहजिकच उपाय तिलाच सांगितला जातो: बाई, जरा सैल बांधत जा.

सैल का बांधत नाही, हे तिला कुणी विचारलेलं मला तरी आढळलं नाही. माझी आजी रावेर तालुक्यातली. उमेदीची सगळी वर्षं केळीच्या आणि कपाशीच्या शेतात गेली. नऊवारी लुगडं हा तिचा कामाचा पोशाख होता, जसा आमच्या वसाहतीतल्या पॉवर स्टेशनमधल्या माणसांचा हेल्मेट आणि बूट. दिवसभर वाकायचं, डोक्यावर भारा घ्यायचा, पाटाच्या पाण्यात उतरायचं, कनवटीला पैसे ठेवायचे. यात गाठ सुटून चालत नाही. म्हणजे घट्ट गाठ ही चालरीत नव्हती, ती कामाची अट होती. ‘वेचणीचा कर्करोग’ असं नाव पडलं असतं तर प्रश्न वेगळ्या माणसांना विचारला गेला असता.

आता ती दीपनगरला आई-बाबांकडे असते. लुगडं सुटलं, सहावारी आली, पण परकराची नाडी त्याच जुन्या जागी बसते. हा रिपोर्ट वाचल्यावर मी आईला फोन केला. आई म्हणाली, काळा पट्टा तर सगळ्यांनाच असतो, माझ्याही कमरेला आहे. दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीने न्हाणीत दाखवला. बोटभर रुंद काळपट वळ, कडेने पांढुरका, आणि उजवीकडे एक भेग, जी तिच्या म्हणण्याप्रमाणे ‘दसऱ्याच्या आधीपासून’ होती. माझ्या मैत्रिणीची बहीण पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. मी फोन काढला. आजीने पदर ओढून घेतला. “पाहायचं तं पाह्य माय, पन फोटू नको काढू. फोटू कुठी कुठी जाईन, काय सांगता येते?” तिला क्लाउड म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण व्याख्या अचूक केली.

आम्ही तिला भुसावळला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून नीट पाहिलं, मलम दिलं, नाडीऐवजी रुंद पट्टी लावायला सांगितली आणि चार आठवड्यांत भेग भरली नाही तर तुकडा तपासू म्हणाल्या. भरली. आजीपुरता विषय संपला. माझ्यापुरता नाही, कारण तिचा नकार माझ्या धंद्याच्या मुळावर बसतो.

मी पुण्यात चित्रं ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करते. माझी चित्रं गोदामातल्या खोक्यांची असतात, कातडीची नाहीत, पण तत्त्व एकच: मॉडेलला जे दाखवलं नाही ते त्याला दिसत नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सुमारे १ लाख २९ हजार चित्रांवर शिकवलेलं मॉडेल त्वचेचा कर्करोग ओळखण्यात २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरतं. आमच्या क्षेत्रात तेव्हा मोठा जल्लोष झाला. नंतर एक गंमतही कळली. संशयास्पद डागाशेजारी डॉक्टर मोजपट्टी ठेवून फोटो काढतात, म्हणून पट्टी दिसली की यंत्राचा कल कर्करोगाकडे झुकायचा. ही चूक निदान हसून सांगता येते. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आलेली पाहणी तशी नाही. खुले असलेले २१ चित्रसंग्रह, एकूण १,०६,९५० चित्रं. त्यांपैकी त्वचेचा वर्ण नोंदवलेली २,४३६. त्यांत तपकिरी त्वचेची १०, आणि गडद तपकिरी वा काळ्या त्वचेचं १. वंश नोंदवलेल्या चित्रांत दक्षिण आशियाई माणसाचं एकही नाही.

इथे ‘आपल्याला धोका कमी’ या वाक्याला दुसरा अर्थ चिकटतो. धोका कमी म्हणून पाहणं कमी, पाहणं कमी म्हणून चित्रं कमी, चित्रं कमी म्हणून उशिरा ओळख. रोग विरळ आहे हे खरंच आहे, पण ज्या थोड्यांना होतो त्यांच्यासाठी हे विरळपण दुसरं दुखणं ठरतं. सावळ्या माणसांत मेलॅनोमा अनेकदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली निघतो, म्हणजे जिथे ऊन नाही आणि संशयही नाही. बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉलची इजा समजला गेला होता. १९८१ मध्ये तो गेला, वय ३६. अनवाणी वावरणाऱ्या आमच्या शेतकऱ्याच्या टाचेवरचा काळा डाग काटा मोडल्याची खूण म्हणून किती वर्षं चालून जाईल?

यावर इंजिनिअरचं उत्तर तयार असतं: चित्रं वाढवा. ते चुकीचं नाही. २०२२ मध्येच अमेरिकेतल्या एका गटाने निरनिराळ्या वर्णांची ६५६ चित्रं वापरून दाखवलं की गाजलेली मॉडेल्स गडद त्वचेवर घसरतात आणि तशी चित्रं देऊन पुन्हा शिकवलं की फरक भरून निघतो. मग न्याय सरळ दिसतो. ज्यांना मोजलं नाही त्यांना मोजा. पण मोजणं म्हणजे प्रत्यक्षात काय? सत्तर वर्षांच्या बाईने गाठ सोडायची, कंबर उघडी करायची आणि ते चित्र कायमचं देऊन टाकायचं. तिच्या पिढीला त्याचा उपयोग बहुधा होणारच नाही. मॉडेल कुणाचं असेल, कुठे विकलं जाईल, हे संमतीपत्रात लिहिलेलं असेल आणि तिला वाचता येणार नसेल. जिला इतकी वर्षं कुणी पाहिलं नाही, तिच्यावर आता स्वतःला दाखवण्याचं कर्तव्य आहे का?

मी रक्तदानाशी तुलना करून पाहिली, जमली नाही. रक्ताची पिशवी एकदा एका माणसाला चढते आणि संपते. चित्र संपत नाही. मग मी उलट बाजूने विचार केला. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे तुकडे पाहिले, तेही कुणाच्या तरी कमरेचे होते. त्या माणसांना नेमकं काय विचारलं गेलं, ते मला माहीत नाही. तरी त्यांच्यामुळेच वर्ध्याच्या डॉक्टरांना शंका घ्यायला आधार होता, आणि मला आईला फोन करायला. तेव्हा ‘देहाची माहिती ही फक्त ज्याची त्याची’ असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मी खाल्लेल्या मिठात तीही आहे.

तरीही आजीचा नकार मला योग्य वाटतो, आणि कारण क्रमात आहे. ती ‘पाह्य’ म्हणाली होती. तिने नजर नाकारली नाही, नजरेची साठवण नाकारली. आधी कुणीतरी तिच्यासाठी तिला पाहायला हवं. मग तिच्यापाशी मागायला तोंड राहतं. आम्ही बहुतेक वेळा हा क्रम उलटा करतो, कारण चित्र गोळा करायला निधी मिळतो आणि नुसतं पाहायला मिळत नाही. उपचारांतही तेच. या जातीच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेआधी सेमिप्लिमॅब हे औषध दिलं तेव्हा ७९ पैकी ४० रुग्णांच्या काढलेल्या गाठीत कर्करोगाचा मागमूस उरला नव्हता. २०२२ चा हा निष्कर्ष थक्क करणारा आहे, आणि मला त्याचं कौतुक आहे. पण तीच जखम दुसऱ्या महिन्यात कुणी पाहिली असती, तर बऱ्याचदा छोट्या शस्त्रक्रियेत काम भागलं असतं.

सरकारने तरी काय करावं? तिशीपुढच्या लोकांची कर्करोग तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन जागांची. त्वचा त्यात नाही, आणि नसावीच. आजार किती जणांना होतो हे पाहून पैसा खर्च करायचा, तर हाच हिशेब बरोबर. कमरेच्या कर्करोगासाठी वेगळी मोहीम मागणारा माणूस मला बेजबाबदार वाटेल.

पण कातडी पाहणारी मोहीम आपल्याकडे आधीच आहे, कुष्ठरोगाची. (खानोलकरांनी कुष्ठरोगावरही काम केलं होतं, हा योगायोग.) शोध अभियानात आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी घरोघर जाते, ती अशासाठी की बायकांना बाईने आत नेऊन पाहावं आणि पुरुषांना पुरुषाने. लाज मान्य करून नजर कशी टाकायची, हा प्रश्न या व्यवस्थेने कुठल्याही मॉडेलच्या आधी आणि कॅमेऱ्याशिवाय सोडवला आहे. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे का, एवढं ते विचारतात. तिथेच आणखी एक प्रश्न बसू शकतो: कमरेला, पायाला, जुन्या व्रणावर महिनाभर न भरलेली जखम आहे का?

मी हे आईकडे बोलले. ती म्हणाली, प्रश्न सोपा आहे, पण विचारून भागणार नाही. म्हाताऱ्या बाया ‘काही नाही’ म्हणतात. पाहावंच लागेल, आणि पाठ, हात, पाय पटकन दिसतात. कंबर गाठीखाली असते. नऊवारी सोडून पुन्हा नीट नेसायला म्हाताऱ्या बाईला दहा मिनिटं तरी लागतात, आणि आशाताईच्या यादीत त्या दिवशीची पुढची घरं असतात.