संमेलनातले गाणे आणि नववीचा आवाज

मार्गशीर्ष सरत आला, की माध्यमिक शाळांच्या स्नेहसंमेलनांबरोबर एक ठराविक वादही दरसाल उभा राहतो. चित्रपटगीतांवर मुलांना नाचवावे काय, कार्यक्रमपत्रिकेत भावगीताला आणि पोवाड्याला किती जागा असावी, संस्कृतीची हानी नेमकी कोणत्या गाण्यापासून सुरू होते, यांवर पालकसभांत आणि वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारात दोन्ही पक्ष हिरीरीने बोलतात. परंतु जूनपासून आजवर शाळेत संगीताची तासिका झाली काय, आणि झाली असल्यास तिच्यात मुलांनी काय केले, ही चौकशी कोणताच पक्ष करीत नाही. अभंगाचा आग्रह धरणारा आणि ताज्या चित्रपटातल्या गाण्याची मुभा मागणारा, या दोघांच्या कल्पनेतले संमेलन मुळात एकच आहे: ध्वनिवर्धकावर तयार मुद्रण लागते आणि मुले त्याच्यापुढे उभी राहतात.

संगीताने गणित सुधारते असे म्हणणाऱ्यांसाठी फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. मोझार्टच्या ज्या 1993 सालच्या प्रयोगावर त्यांची मदार असते, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, त्यांनी ती रचना केवळ ऐकली होती, आणि तिचा परिणाम पाव तासाच्या आत ओसरला होता. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांपोटी जे वाढीव गुण मिळतात, त्यांनी शिकवण्यांची भरभराट झाली असेल. पण ती सवलत घरून शिकून आलेल्या मुलाची आहे, तिने शाळेच्या वेळापत्रकात एक तासिकाही वाढलेली नाही.

एका मताचा मात्र समाचार घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण ते शहाण्या आणि मुलांवर माया करणाऱ्या माणसांकडून मांडले जाते. रंगमंच हेच शिक्षण, असे ते मत आहे. स्वर लागो न लागो, मूल चार माणसांपुढे उभे राहिले, त्याची भीड चेपली, त्याला टाळ्या मिळाल्या, की संगीताने आपले काम केले! आता सभाधीटपणा हा गुण मोलाचा आहे, हे मीही नाकारीत नाही. पण तो वक्तृत्वस्पर्धेने येतो, कवायतीचे हुकूम देण्याने येतो, वर्गाचे मंत्रिपद सांभाळल्यानेही येतो, आणि एवढ्यासाठीच संगीत हवे असेल तर संगीत नसले तरी चालण्यासारखे आहे. शिवाय हा रंगमंच मिळतो कोणाला? निवडचाचणीचा शिरस्ता ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, की पाचवीत धीट असलेली तीच आठदहा मुले दहावीपर्यंत माईकपुढे असतात, आणि ज्यांची भीड चेपायची ती मुले सतरंज्या घालण्याच्या कामावर असतात. जो उपाय निरोग्यांनाच दिला जातो, त्याच्या गुणाची ग्वाही कशी द्यावी?

याच मताचे लोक विष्णु दिगंबर पलुस्करांचा दाखला पुढे करतात. पलुस्करांनी शिष्यांना घेऊन जलसे केले, आणि भल्या घरच्या मुलामुलींच्या शिक्षणात गायनाला जी प्रतिष्ठा लाभली तिच्यात त्या जलशांचा वाटा मोठा होता, हे निर्विवाद आहे. पण 1901 साली लाहोरला जे गांधर्व महाविद्यालय निघाले, त्यात आधी वर्ग होते, रोजचा रियाज होता, इयत्ता आणि परीक्षा होत्या. जलसा हे त्या वर्गांचे फळ होते. भातखंड्यांशी त्यांचे कितीही मतभेद असोत, गायन हा रोज, क्रमाने शिकण्याचा विषय आहे एवढ्यापुरते दोघांत दुमत नव्हते. आमच्या शाळांनी जलसा तेवढा उचलला आणि वर्ग सोडून दिला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शंभरावर पट असलेल्या शाळेत सहावी ते आठवीसाठी कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद केली खरी. पण कला म्हणजे चित्रकला असा अर्थ आमच्याकडे न सांगता लावला जातो, आणि नववीपासून तर ती तरतूदही संपते.

एका शाळेतली समूहगीताची तालीम मी पाहिली आहे. संगणकावरून वाद्यमेळ वाजत होता, पट्टी मुलींच्या सोयीची, काळी चार. नववीतला एक मुलगा, ओठावर नुकती लव आलेला, मध्यमापर्यंत बरा गात होता. अंतरा तारषड्जाकडे चढला की त्याचा आवाज चिरके आणि बाकीची मुले खिदळत. दुसऱ्या आवर्तनाला शिक्षकांनी त्याला मागच्या रांगेत नेले आणि, स्वरात कठोरपणा अजिबात नसताना, सांगितले, ‘‘तू नुसते ओठ हलव, बाळ.’’ संमेलनात तो ओठ हलवीत उभा राहिला असणार, आणि रंगमंचवाद्यांच्या हिशेबी त्याच्या नावावर सभाधीटपणा जमा झाला असणार.

आता तेरा ते पंधरा या वयात मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो; म्हणजे माध्यमिक शाळेची जी वर्षे, नेमकी तीच आवाज फुटण्याची वर्षे. त्या काळात मुलापाशी मधले मोजके स्वरच भरवशाचे उरतात. यंत्रावरही पट्टी उतरवता येते, असे मला कोणी सांगेल. येते खरी, पण ती केव्हा आणि कोणासाठी उतरवायची हे ठरवायला आधी त्या मुलाचे गाणे कोणी ऐकलेले असावे लागते.

म्हणून मी गाण्याची जात, त्याची भाषा, त्याची अभिजातता यांपैकी कशाहीपेक्षा एकाच भेदाला महत्त्व देतो. गाणे मध्येच थांबवावे, आणि अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून, निराळ्या पट्टीत, मुलांना उचलायला सांगावे. ज्यांना उचलता येते त्यांचे गाणे एक, आणि ज्यांना पुन्हा पहिल्यापासून वाद्यमेळ लागल्याखेरीज तोंड उघडता येत नाही त्यांचे गाणे दुसरे. लोकगीत काय, बंदिश काय आणि चित्रपटगीत काय, हा भेद सर्वांच्या आरपार जातो. माझा विरोध सादरीकरणाला असल्याचा ग्रह कोणी करून घेऊ नये. आळंदीला 1917 पासून वारकरी शिक्षण संस्था आहे. तेथे शिकणारी पोरे कीर्तनात टाळ घेऊन उभी राहतात, तीही श्रोत्यांसमोरच. कीर्तनकाराने ध्रुपद सोडले की ती ते उचलतात. चाल वर चढली आणि एखाद्याचा गळा पोचला नाही, तर तो खालच्या सप्तकात म्हणतो, किंवा आवर्तनभर नुसता टाळ धरतो आणि समेवर पुन्हा मिळतो. त्याला मागच्या रांगेत कोणी धाडीत नाही, कारण गाणे त्याला वाट देण्याइतके जिवंत असते.

मुख्याध्यापक विचारतील, की मग त्या नववीच्या मुलाचे संमेलनात करायचे काय? काळी चारचा शुद्ध मध्यम म्हणजे काळी एक. मुलींनी ध्रुवपद काळी चारमध्ये म्हणावे, आणि एक अंतरा, त्या मध्यमाला षड्ज मानून, आवाज फुटलेल्या मुलांनी एकट्यांनी आपल्या उतरलेल्या सप्तकात म्हणावा. पेटीवर बोटे सरकवायला क्षणभरही लागत नाही. मात्र कोणाचा आवाज फुटला आहे याची यादी शाळेच्या दप्तरी हवी. ती जूनमध्ये, वर्गात, एकेकाला जवळ बोलावून आणि त्याचे ऐकून करावी लागते, आणि दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा करावी लागते, कारण तोवर आणखी काही आवाज खाली आलेले असतात.