पैनगंगेपलीकडची मदत

इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळते. 1948 पर्यंत या भागात ती सरहद्द होती. अलीकडे हैदराबादच्या निझामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाडातला उमरखेडचा मुलूख. वऱ्हाड कागदोपत्री निझामाचेच, पण 1853 पासून कारभार इंग्रजांचा. तिथे सभा भरवायला निदान जागा होती; अलीकडे तीही नव्हती. हुकमी राजवटीत लोकशाही बाहेरच्या सत्तेमुळे येते का, हा प्रश्न मी या काठावरून पाहतो.

बाहेरच्या सत्तेने आधी उलटेच केले. 1800 च्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज हैदराबादेत पक्की झाली. गादीला फौजेचे कवच मिळाले आणि प्रजेला विचारण्याची राजाची गरज संपली. 1926 मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी निझामाला इंग्रजांचे श्रेष्ठत्व लेखी बजावले खरे, पण ते वऱ्हाडच्या वादातून. प्रजेच्या हक्कांसाठी नव्हे.

मग 1938 मध्ये हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ठरवले की संस्थानांतला लढा तिथल्या प्रजेने स्वतःच्या बळावर उभारावा. अनेकांना हे अंग काढून घेणे वाटले. मला मात्र सगळ्या इतिहासात हाच निर्णय मोलाचा वाटतो. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, तरी ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. 1937 मध्ये परतूरला भरलेली महाराष्ट्र परिषद, गावोगावची वाचनालये, आर्य समाजाची कामे यांतून माणसे आधीच घडत होती. म्हणून ऑगस्ट 1947 मध्ये इंग्रज गेले आणि निझामाने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्याला अडवायला आतून संघटित प्रजा उभी होती. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांनी तिला आसरा आणि हत्यारे दिली. रझाकार या निझामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या अत्याचारांनी गावे सोडलेल्यांनाही पलीकडचाच आधार होता.

बाहेरची मदत निझामालाही हवी होती. त्याच्या सरकारने भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. पॅरिसमध्ये 16 सप्टेंबर 1948 ला ती चर्चेला आली, तोवर भारतीय फौजा राज्यात शिरून तीन दिवस झाले होते. 17 तारखेला निझामाने शरणागती पत्करली. भारत परका, हा त्याचा दावा पैनगंगेच्या काठी कुणाला पटणार? सोयरीक दोन्ही काठांवर होती.

तरीही या फौजी कारवाईचे, म्हणजे पोलीस ॲक्शनचे, दुसरे पान वाचलेच पाहिजे. त्यानंतर अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवले, आणि तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. फौजेने राजवट हटवली, पण शेजाऱ्याच्या जिवाची हमी तिला देता आली नाही. लोकशाहीही लगेच आली नाही. आधी जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर, मग नेमलेले मुख्यमंत्री वेल्लोडी. लोकांनी निवडलेले सरकार 1952 मध्ये आले आणि त्याचे मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्ण राव, स्टेट काँग्रेसच्या लढ्यात वाढलेले.