शाईची साक्ष

छायाचित्र आणि रेखाचित्र यांच्यात आपण नकळत एक प्रतवारी लावून ठेवलेली असते. कॅमेऱ्यापुढे काहीतरी होते, कोणीतरी उभे होते, त्यावाचून ही प्रतिमा उमटलीच नसती, अशी सनद छायाचित्राला जन्मतःच मिळालेली असते. रेखाचित्राजवळ मात्र असा कोणताही दाखला नसतो. ते कोणाच्या तरी मनातून निघते, हाताने कागदावर उतरते, आणि त्यात दिसणारी वस्तू जगात होती की नव्हती याबद्दल ते मौन पाळते. म्हणूनच चित्रे हलू-बोलू लागली की त्यांची रवानगी बालकांकडे करण्याची वहिवाट बहुतेक देशांत पडली. खऱ्याखोट्याचा निवाडा करण्यात ज्याची हयात गेली त्या प्रौढ माणसाने ती कशासाठी पाहावीत? जपानमध्ये हा प्रश्न गेल्या शतकात निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या गरजेपोटी विचारला. त्याची जी उत्तरे मिळत गेली ती क्रमाने तपासली, तर ध्यानात येते की ज्या उणिवेपायी हा रेखाटलेल्या चित्रांचा चित्रपट मुलांच्या हवाली झाला होता, तीच उणीव अखेर त्याच्या प्रौढत्वाचे भांडवल ठरली.

पहिले उत्तर सरकारी होते. मित्सुयो सेओ यांचा ‘मोमोतारो : समुद्राचे दिव्य सैनिक’ हा ७४ मिनिटांचा चित्रपट नौदलाच्या फर्मावणीवरून तयार झाला आणि एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे शरणागतीच्या अवघे चार महिने आधी, पडद्यावर आला. अस्वल, माकड, कुत्रा अशा प्राण्यांची पलटण विमानांतून एका बेटावर उतरते आणि गोऱ्या शत्रूला शरण आणते, एवढाच त्याचा कथाभाग. हेतू उघडउघड प्रचाराचा. तथापि रजेवर घरी आलेल्या सैनिकांच्या गावात वाऱ्यावर तरंगणाऱ्या रानफुलांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या दिसतात, आणि पुढे आकाशातून उतरणार असलेल्या हवाई छत्र्यांची चाहूल देऊन जातात. तेव्हा हुकमाबरहुकूम काम करणाऱ्या हातांनीही हुकमात नसलेले काहीतरी साधले होते, हे मान्य करावे लागते. बाँबवर्षावाने होरपळलेल्या ओसाका शहरात सोळा वर्षांच्या एका मुलाने हा चित्रपट पाहिला आणि तो भारावून गेला. त्याचे नाव ओसामू तेझुका. चित्रांवर प्रौढ हेतूंचे ओझे लादता येते, हे राज्यकर्त्यांनी सिद्ध केले होते. त्या ओझ्याखालीही चित्र स्वतःचे काही बोलू शकते, हे या मुलाने हेरले.

युद्धानंतर चलच्चित्रांचा उद्योग सावरला तो पुन्हा कुटुंबवत्सल वाटेने. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तोएई दोगा या संस्थेने १९५८ मध्ये ‘हाकुजादेन’ ही पांढऱ्या सर्पिणीची चिनी आख्यायिका रंगीत चित्रपटात आणली. वॉल्ट डिस्नेच्या तोडीचे काम करावे, ही तिची आकांक्षा होती. तेझुकांनी मात्र १ जानेवारी १९६३ पासून ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली, तेव्हा पैसा आणि मुदत या दोहोंची इतकी चणचण होती की एका सेकंदाच्या चोवीस चौकटींसाठी जेथे एरवी बारा किंवा त्याहून अधिक चित्रे काढली जात, तेथे आठ, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी चित्रांवर भागवावे लागले. केवळ ओठ हलायचे, चेहरा जागच्या जागी राहायचा. एकदा काढलेले उड्डाण जपून ठेवायचे आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरायचे. जुन्या कसबी कारागिरांना यात कलेची अवहेलना दिसली आणि ती तक्रार निराधार नव्हती. परंतु जे हलत नाही ते प्रेक्षक निरखून पाहू लागतो, आणि जे दाखवलेले नाही ते मनाने भरून काढतो, हा धडाही या काटकसरीतूनच मिळाला. पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकांनी निश्चल चेहरा, रिकामी खोली, पावसात भिजणारी तारायंत्राची तार यांवर सेकंदामागून सेकंद रेंगाळण्याचे जे धैर्य दाखवले, त्याची मुळे या कसरतीत होती.

तेझुकांच्याच मुशी प्रॉडक्शनने १९६९ पासून दुसरे उत्तर देऊन पाहिले: प्रौढांनी यावे, कारण येथे प्रौढांचा विषय आहे. ‘एक हजार एक रात्री’, ‘क्लिओपात्रा’ आणि १९७३ मधला ‘कानाशिमी नो बेलादोना’ या तीन चित्रपटांत शृंगार आणि वासना यांना प्रवेश मिळाला. विषयाच्या जोरावर प्रौढत्व मिळवण्याचा हा मार्ग उथळ होता खरा. तरीही एइइची यामामोतो यांचा ‘बेलादोना’ त्या मार्गाने जाता जाता भलत्याच मुक्कामी पोहोचला. जूल मिशले या फ्रेंच इतिहासकाराच्या चेटकिणींवरील ग्रंथाचा आधार घेतलेल्या या चित्रपटात जलरंगांतली लांबच लांब स्थिरचित्रे आहेत, आणि कॅमेरा त्यांवरून एखादी गुंडाळी उलगडावी तसा सरकत जातो. बलात्कारित स्त्रीचे दुःख तेथे हालचालीतून सांगितलेले नाही. कागदावर पसरत जाणाऱ्या रंगातून सांगितले आहे. चित्रपट आर्थिकदृष्ट्या कोसळला, कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली, आणि हे उत्तर काही काळ दप्तरात बंद झाले.

तिसरे उत्तर निर्मात्यांकडून आलेच नाही. ते प्रेक्षकांनी दिले. १९७४ मध्ये फारशी दाद न मिळालेल्या ‘अंतराळयुद्धनौका यामातो’ या मालिकेचा संक्षेप १९७७ मध्ये चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तिकिटांसाठी रांगा लावल्या त्या तरुणांनी. योशियुकी तोमिनो यांची १९७९ मधली ‘गुंदाम’ ही मालिका मुदतीआधीच आटोपती घेण्यात आली होती. खेळणी खपवण्यासाठी यंत्रमानव हवेत, एवढीच आश्रयदात्यांची अट असताना तोमिनोंनी त्या अटीच्या आडोशाने युद्धाला विटलेल्या पोरसवदा सैनिकांची कथा सांगितली होती, आणि ती ज्यांना पोहोचली त्यांनी पुनःप्रक्षेपणातून तिला जिवंत केले. फेब्रुवारी १९८१ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागात हजारो तरुण जमले आणि नव्या युगाचा जाहीरनामा वाचला गेला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की आम्ही या चित्रांबरोबर वाढलो. आता चित्रांनीही आमच्याबरोबर वाढावे. पुढे १९८३ पासून थेट व्हिडिओ कॅसेटवर विकल्या जाणाऱ्या चित्रपटांमुळे प्रायोजकाचा जाच संपला. या मुभेचा गैरवापर पुष्कळ झाला, रक्तपात आणि बीभत्सपणा यांनाच प्रौढत्व समजणारा माल बाजारात आला. परंतु १९८५ मधला मामोरू ओशीई यांचा ‘तेन्शी नो तामागो’, ज्यात एक मुलगी उजाड नगरात एक अंडे जपत हिंडते आणि संवाद अगदी मोजके आहेत, तोही याच मुभेचे अपत्य होय.

येथवरची तिन्ही उत्तरे चित्राच्या बाहेरची होती: राज्याची गरज, विषयाचे आकर्षण, प्रेक्षकाचे वय. चित्र हे चित्र असल्यामुळेच प्रौढाने ते पाहावे, हा युक्तिवाद प्रथम निर्विवादपणे मांडला गेला तो १९८८ साली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इसाओ ताकाहाता यांचा ‘होतारू नो हाका’ प्रदर्शित झाला. आकियुकी नोसाका यांची १९६७ मधली कथा, युद्धात अनाथ झालेली दोन भावंडे, आणि सरतेशेवटी उपासमार. यात चेटूक नाही, यंत्रमानव नाहीत. मग हे नटांकडून करवून घेऊन छायाचित्रित का केले नाही? ताकाहाता स्वतः लहानपणी ओकायामावरील हवाई हल्ल्यातून वाचले होते, तेव्हा वास्तवाशी त्यांची ओळख उसनी नव्हती. उत्तर एका लहानशा प्रसंगात सापडते. गोळ्यांचा पत्र्याचा डबा रिकामा झाल्यावर भाऊ त्यात पाणी घालून खळखळवतो आणि ते गोड पाणी धाकटी बहीण पिते, साऱ्या फळांची चव एकदमच आली म्हणून हरखते. प्रत्यक्ष मुलीने हा प्रसंग वठवला असता तर आपले अर्धे लक्ष त्या मुलीच्या अभिनयकौशल्याकडे गेले असते. रेखाटलेली मुलगी कोणाचीही मुलगी नसते. तिची प्रत्येक हालचाल कोणीतरी आठवून, निरखून, निवडून काढलेली असते, आणि काळ्याऐवजी तपकिरी रेषेने आखलेल्या त्या आकृतीत अपघाताने आलेले असे काहीच नसते. नजर चुकवायला चित्रात जागा उरत नाही.

त्याच वर्षी जुलैत कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘आकिरा’ आला. ज्या १६ जुलै १९८८ या तारखेला तो प्रदर्शित झाला, त्याच तारखेला टोकियो नष्ट होताना दाखवून तो सुरू होतो, आणि पुढे त्यातली २०१९ सालची नगरी दंगल, लाच आणि अपुऱ्या ऑलिंपिक मैदानासह इतक्या बारकाव्याने उभी राहते की संपन्नतेच्या शिखरावर बसलेल्या तत्कालीन जपानला ती आपल्याच ताळेबंदाची मागची बाजू वाटावी. पाश्चात्त्य जगाला प्रौढांसाठीच्या जपानी चलच्चित्रांची ओळख मुख्यतः या चित्रपटाने करून दिली. मात्र विचाराच्या प्रवासात त्याचे स्थान पुढच्या पावलाचे नाही, ते शिक्कामोर्तबाचे आहे.

पुढचे पाऊल सातोशी कोन यांचे. ‘परफेक्ट ब्लू’ या १९९७ च्या चित्रपटात गाणे सोडून अभिनयाकडे वळलेली मिमा नावाची तरुणी एका मालिकेच्या चित्रीकरणात, स्वप्नात आणि दैनंदिन आयुष्यात इतक्या वेळा अंथरुणातून दचकून उठते, की कोणती जाग खरी याचा निकाल तिला देता येत नाही आणि आपल्यालाही नाही. २००१ मधल्या ‘सेन्नेन जोयू’ या चित्रपटात ही भूल भयाकडून प्रेमाकडे वळते. चियोको नावाची वृद्ध अभिनेत्री आपली जीवनकथा सांगू लागते आणि मुलाखत घ्यायला आलेले दोघे जण कॅमेऱ्यासह तिच्या आठवणीत शिरतात. मांचुरियातल्या आगगाडीवर हल्ला होतो, ती एक दार उघडते, आणि दारापलीकडे शतकांपूर्वीचा जळता किल्ला असतो. कुरकुरणारा कॅमेरामन तेथेही मागोमाग पोहोचतो. आठवण कोठे संपली आणि तिच्या एखाद्या जुन्या चित्रपटातली भूमिका कोठे सुरू झाली, हे सांगणारी खूण कोन मुद्दामच ठेवत नाहीत. छायाचित्रित चित्रपटात स्वप्न दाखवायचे तर धुके, संथ गती अशी काहीतरी तजवीज करावी लागते, कारण तेथे सत्याचा पुरावा आधीच दाखल झालेला असतो. चित्रात सत्य, स्मृती आणि भास ही तिन्ही एकाच शाईची. त्यांत उच्चनीच लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. सनद नसणे, ही जी चित्राची जुनी फिर्याद, तिचा निकाल येथे उलट बाजूने लागला. माणसाचे मनही असेच दाखल्यावाचून सर्व काही साठवते, आणि त्या मनाचा हिशेब मांडायला त्याच जातीचे साधन हवे होते. कोन यांना काळाने वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, २०१० मध्ये नेले; त्यांचा युक्तिवाद मात्र पूर्ण झाला होता.

आपल्याकडे ही सारी वाटचाल बहुतांशी अज्ञात राहिली. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर मोगलीची जपानी मालिका हिंदीत घरोघर पाहिली गेली, पण ती जपानी आहे हे थोड्यांनाच ठाऊक होते. युगो साको यांनी भारतातील ज्येष्ठ चलच्चित्रकार राम मोहन यांच्या साहाय्याने रामायणावर केलेला चित्रपटही बालचित्रपट म्हणूनच ओळखला गेला. आता घरबसल्या सर्व काही उपलब्ध झाल्यावर मराठी तरुण कोन आणि ओशीई यांच्याविषयी तावातावाने बोलतात, आणि त्यांचे वडीलधारे दुरून ‘अजून कार्टूनच बघतोस का रे?’ असे विचारतात. या प्रश्नाला वयाचा दाखला देऊन उत्तर देणे व्यर्थ आहे.

त्यापेक्षा ताकाहातांचा अखेरचा चित्रपट, २०१३ मधली राजकन्या कागुयाची कथा, दाखवावा. आपल्याच सोहळ्यात पाहुण्यांनी केलेली कुचेष्टा कानी पडताच ती वाड्याबाहेर धावत सुटते. भरजरी वस्त्रे एकामागून एक गळून पडतात, आणि तिच्याबरोबर रेषाही विस्कटत जाऊन शेवटी कोळशाचे उद्विग्न फटकारे तेवढे उरतात. येथे चित्र आपण चित्र असल्याची कबुली उघडपणे देते आणि तरीही त्या मुलीच्या संतापाविषयी आपल्या मनात तिळमात्र संशय उरत नाही. पुराव्यावाचून पटणे आणि पटूनही ते रचलेले आहे हे न विसरणे, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येणे हेच प्रेक्षकाचे प्रौढत्व होय. आज तर यंत्राच्या साहाय्याने कोणाचेही छायाचित्र कोठेही आणि कसेही घडवता येते, आणि कॅमेऱ्याची जुनी सनद रद्द झाल्यातच जमा आहे. अशा काळात, ज्या कलेने सत्यतेचा दावा कधी केलाच नाही आणि आपल्या प्रेक्षकाला अर्धे शतक या निवाड्याची तालीम दिली, तिला पोरखेळ म्हणणे परवडणारे नाही.