सोन्याचे उंदीर
(१ शमुवेल, अध्याय ६)

देवाचा कोश पलिष्ट्यांच्या देशात असता लोकांस गाठी आल्या व उंदरांनी देशाची नासाडी केली. तेव्हा त्यांनी सोन्याच्या पाच गाठी व सोन्याचे पाच उंदीर कोशाबरोबर परत पाठविले.

आपल्या देशातही १८९६ साली मुंबईत गाठीच्या प्लेगाची साथ आली. मेलेल्या उंदरावरील पिसवा माणसास चावून हा रोग देतात, हे १८९८ साली डॉ. सिमाँ यांनी कराचीत शोधून काढिले.

आम्ही घरोघर जातो तेव्हा पिंजरा दिसतो, परंतु बीळ उघडे व कणगी उघडी असते. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेळी पाच-सहा पिले देते. मग एक उंदीर धरून काय होणार? धान्य झाकावे, रात्री खरकटे ठेवू नये, बिळात काचेचे तुकडे घालून ते चुन्याने अथवा सिमेंटाने बुजवावे, मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हे साऱ्या आळीने मिळून करावे; कारण आपण हाकललेला उंदीर शेजाऱ्याच्या कणगीत शिरतो, आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आपणांस आज्ञा आहे.

पापाचेही असेच आहे. एका लबाडीबद्दल आपण पश्चात्ताप करितो, पण ती ज्या लोभातून आली तो तसाच राहू देतो. पलिष्ट्यांनी सोने दिले, अंतःकरण दिले नाही. आपण तसे न करावे म्हणून प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.